कणगीत लपवलेलं औषध

हसनाबादच्या शिवारात, आणि एकूणच भोकरदन तालुक्यात, मिरचीची तोडणी चालू असते तेव्हा संध्याकाळी बायांचे हात पेटलेले असतात. कोणी खोबरेल चोळतं, कोणी ताकात बोटं बुडवून बसतं. तान्हं लेकरू जवळ घ्यायचं तर आधी दहादा हात धुवायचे, नाहीतर त्याच्या डोळ्यांना लागेल ही धास्ती. अशा वेळी एखादीच्या लक्षात येतं की आपल्या एका हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गारच आहे. बाकीचा हात भगभगतोय, ही दोन बोटं मात्र शांत. कामाच्या रगाड्यात तिला ते बरंच वाटतं. मग एक दिवस चुलीवरून तवा उतरवताना त्याच बोटांवर फोड येतो आणि तो कधी आला हेही तिला कळत नाही. तेव्हा शंकेची पाल चुकचुकते.

कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात, ती नस कोपराच्या मागून थेट या दोन बोटांपर्यंत जाते. कुष्ठरोगाचे जंतू ज्या नसांना गाठतात त्यांत ही नस हमखास असते. कुठं पाठीवर, कुठं दंडावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही. दुखत नाही हीच खरी अडचण आहे, कारण आपल्याकडे दुखलं तरच आजार धरतात. या टप्प्यावर गोळ्या सुरू झाल्या तर 6 किंवा 12 महिन्यांत रोग बरा होतो, हात शाबूत राहतो, आणि औषधाला पैसा लागत नाही. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई त्याच गल्लीत राहते, कित्येकदा भावकीतलीच असते. तरी ही बाई तिला काही सांगत नाही. कारण घरात धाकटी नणंद लग्नाची आहे.

ही प्रस्तावना त्या न सांगण्याविषयी आहे.

पुढच्या पानांत कुष्ठरोग, कोड, फीट, क्षय, एचआयव्ही आणि मनाचे आजार यांची माहिती एकापुढं एक येईल. वैद्यकाच्या पुस्तकात हे आजार कधी शेजारी बसत नाहीत. एक जंतूंचा, एक कातडीच्या रंगाचा, एक मेंदूतल्या विजेचा, एक विषाणूचा. काही लागट आहेत, काही अजिबात नाहीत. कोड एकाच ताटात जेवलं, एकाच अंथरुणावर झोपलं तरी दुसऱ्याला होत नाही. फीट येणाऱ्याला हात लावला म्हणून हात लावणाऱ्याला फीट येत नाही. मग यांना एका पंगतीत बसवलं कोणी? आपण बसवलं. सोयरीक जमवायला पाहुणे येतात, चहा होतो, आणि मध्यस्थ उठून बाहेर जाऊन हळूच कोणाला तरी विचारतो की घरात काही ‘तसलं’ नाही ना. त्या ‘तसलं’ या एका शब्दात हे सगळे आजार कोंबलेले आहेत. मुलाचं शिक्षण, जमिनीचं पाणी, हुंड्याचा आकडा यांच्यावर उघड बोलणं होतं. याच्यावर कुजबुज होते. आणि कुजबुजीला उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न तोंडावर विचारलेलाच नसतो. सोयरीक नुसती येत नाही. घरच्यांना का आली नाही ते समजतं, गावालाही समजतं, आणि पुढं कोणी काही बोलत नाही.

म्हणून आजाराबद्दलची भीती ही निव्वळ लागण होण्याची भीती आहे असं मला वाटत नाही. लागण होत नाही हे समजावून सांगितलं की भीती जाईल, असं आपण आरोग्याच्या पोस्टरांवर वर्षानुवर्षं मानत आलो. पण लागणीचं पटलेला माणूससुद्धा आपल्या मुलासाठी त्या घरची मुलगी बघायला जात नाही. तो रोगाला घाबरत नसतो, चारचौघांत जे बोललं जाईल त्याला घाबरत असतो. त्यामुळं आजार लपवणारी बाई अडाणी आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. तिनं हिशोब केलेला असतो आणि गाव आहे तसं धरलं तर तो बरोबर असतो. सांगितलं तर नणंदेचं लग्न अडेल, उद्या स्वतःच्या मुलीचं अडेल, नवऱ्यानं दुसरी करायचं मनात आणलं तर त्याला कारण मिळेल. न सांगितलं तर दोन बोटं जातील. तिनं दोन बोटं द्यायचं ठरवलेलं असतं.

या हिशोबातली एक गोष्ट तिला मात्र दिसत नाही. बोटं गेली की लपवता येत नाही. उपचाराविना वर्षं गेली की हाताचा पंजा होतो, पापणी मिटेनाशी होते, तळपायाला न दुखणारी जखम होऊन ती हाडापर्यंत जाते. मग तेच गाव म्हणतं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? लपवण्यातून व्यंग येतं, व्यंग बघून भीती पक्की होते, आणि त्या भीतीपायी पुढची बाई पुन्हा लपवते. बोटं ‘झडतात’ हा आपला जुना शब्दही इथं तपासून घ्यायला हवा. कुष्ठरोगानं बोट पिकल्या पानासारखं गळून पडत नाही. ते बधिर होतं, म्हणून भाजतं, कापतं, उंदीर कुरतडतो तरी कळत नाही, जखम चिघळते, आतलं हाड झिजत जातं. म्हणजे वाचवता येण्याजोगं बोट दुर्लक्षानं गेलेलं असतं. दक्षिणेत वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी हे बारकाईनं पाहिलं, आणि वाकड्या झालेल्या हातातल्या स्नायुबंधांची जागा बदलून तो हात पुन्हा कामाला लावता येतो हेही दाखवून दिलं.

बाईच्या बाबतीत आणखी एक रीत आहे, तिच्यावर थोडं थांबायला हवं. आपल्याकडे सून आजारी पडली की तिचा आजार माहेरचा होतो. ‘तिकडूनच घेऊन आली’ हे पहिलं वाक्य, आणि ‘औषधपाणी माहेरच्यांनी बघावं’ हे दुसरं. क्षयाचं निदान झालं की सुनेची पिशवी भरली जाते. दोन महिन्यांत बरी होऊन ये म्हणतात, पण ‘ये’ असं पुन्हा सांगायला कोणी जात नाही. माहेरी भावजय असते, तिच्या घरात तिची लेकरं असतात, तीही माणूसच. ताट वेगळं, तांब्या वेगळा, पडवीतली खाट. क्षयाची औषधं नियमित सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याचा धोका अगदी कमी होतो. खाट मात्र पडवीतच राहते. हाच रोग मुलाला झाला तर घरदार त्याच्या उशाशी बसतं, अंडी आणतं, दूध लावतं. आजार एकच, जंतू एकच. घराची वागणूक वेगळी. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकानं हे आपल्या नात्यात कुठं ना कुठं पाहिलेलं आहे.

आता थोडं मागं जाऊ, कारण गावानं माणूस बाहेर काढणं याला कायद्याचाही आधार होता. इंग्रजांच्या मुलखात 1898 साली कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा झाला. उपजीविकेचं साधन नसलेला, भीक मागणारा कुष्ठरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला वॉरंटशिवाय पकडावं आणि आश्रमात कोंडावं, अशी त्यात सोय होती. मुंबईत माटुंग्याला, आज ज्याला आपण वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय म्हणतो ते, 1890 मध्ये याच विचारातून उभं राहिलं होतं. शहराच्या रस्त्यावरचे रोगी नजरेआड करायचे, ही त्यामागची मोठी निकड. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यातलं कुष्ठरोगाचं नावाजलेलं रुग्णालय निजामाबादजवळ डिचपल्लीला 1915 साली मिशनच्या डॉक्टर इझाबेल कर यांनी सुरू केलं. हसनाबादहून तिथं जायचं म्हणजे मुलूख ओलांडून, भाषा ओलांडून जायचं. बहुतेकांच्या वाट्याला ते नव्हतंच. त्यांच्या वाट्याला शिवेबाहेरची झोपडी होती, आणि पुढं एखाद्या तीर्थाची पायरी.

नॉर्वेत बर्गन या गावी डॉ. गेऱ्हार्ड हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू 1873 मध्येच सापडला होता. हा शाप नाही, मागल्या जन्मीचं पाप नाही, हे तेव्हाच सांगता येत होतं. पण जंतू सापडला म्हणजे लागट आहे हे सिद्ध झालं, आणि लागट आहे म्हणजे माणूस दूर ठेवा, असा अर्थ जगभर काढला गेला. पापाची भीती होती तिथं जंतूची भीती येऊन बसली. माणूस शिवेबाहेर होता तो तिथंच राहिला. प्रत्यक्षात हा जंतू इतका मंद आहे की एकाचे दोन व्हायला त्याला 12 ते 14 दिवस लागतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षं जातात. आणि बहुसंख्य माणसांच्या अंगात त्याला परतवण्याची ताकद मुळातच असते. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. सर्दी यापेक्षा कितीतरी जास्त लागट आहे.

महाराष्ट्रानं या बाबतीत जे काम केलं त्याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्त आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले, संस्कृतचे पंडित, अंगभर रोग पसरलेला. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांची राहण्याची सोय केली आणि स्वतःच्या हातानं त्यांचं अंग चोळून देऊ लागले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. आणि वरोऱ्याला बाबा आमटे. पावसात गटारीच्या कडेला पडलेला कुष्ठरुग्ण तुळशीराम दिसला तेव्हा बाबा आधी घाबरून पळाले होते, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. मला त्या साऱ्या कहाणीतलं हे पळणं फार मोलाचं वाटतं. भीती वाटणं हा गुन्हा नव्हे. ती भीती उराशी बाळगून घरी बसून राहायचं की परत फिरायचं, एवढाच प्रश्न उरतो. बाबा परत फिरले. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 मध्ये सहा कुष्ठरुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झालं. पुढचं सर्वांना माहीत आहे.

पण आनंदवनाची गोष्ट सांगताना आपण तिचं एक टोक नेहमी सोडून देतो. आपण तिथं सहली नेतो, तिथल्या चादरी आणि सतरंज्या विकत घेतो, देणगी देतो आणि भारावून परततो. तिथं राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एक गाव होतं. कोणाला तरी वाडा होता, कोणाला दोन एकर कोरडवाहू, कोणाला भाऊ, बायको, बैलजोडी. त्या गावानं, त्या भावानं त्याला वाटेला लावलं, म्हणून तो वरोऱ्याला पोचला. संस्थेनं दार उघडलं याचं कौतुक करताना घरानं दार लावलं होतं हे विसरून चालणार नाही. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही नावं जितकी मोठी, तितकी आपल्या गावांच्या नावे खर्ची पडलेली बाजूही मोठी. आणि ही बाजू महात्म्यांनी भरून काढायची नाही. ती ज्यांच्या नावे आहे त्यांनीच फेडायची. राजूरच्या गणपतीला अंगारकीला जाताना किंवा पैठणला नाथषष्ठीला, पायरीवर बसलेल्या माणसाच्या वाटीत आपण वरून नाणं टाकतो. वाकून ठेवत नाही, वरून टाकतो, बोट लागू नये म्हणून. त्याचं गाव कोणतं, हे विचारावंसं वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर तरी कायद्यानं बाजू बदलली का? फार सावकाश. एकमेकांना पूरक अशा औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेनं 1981 मध्ये सुचवला आणि 1983 पासून देशाच्या कार्यक्रमात तो आला. म्हणजे रोग बरा होण्याची खात्री तेव्हापासूनच होती. तरी 1898 चा तो कायदा केंद्रानं रद्द केला 2016 मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह अशा सगळ्या कायद्यांत लिहिलेलं होतं. ते खोडलं गेलं 2019 मध्ये. ओडिशात कुष्ठरोग असल्यावरून नगरपालिकेत निवडून आलेल्या माणसाचं पद गेलं, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते योग्य ठरवलं. फीट येणाऱ्यांचंही तसंच. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये वेडाच्या जोडीला अपस्माराचे झटके लिहिलेले होते आणि त्या कारणानं लग्न रद्द करून घेता येत होतं. तो शब्द 1999 मध्ये काढला. गावातली सासू कायदा वाचत नाही हे खरं. पण जे पुस्तक न्यायाधीशाच्या टेबलावर असतं तेच जर इतकी वर्षं म्हणत आलं असेल की असल्या माणसाशी झालेलं लग्न मोडता येतं, तर सासूला एकटीला दोष कसा द्यावा?

आता कोड. या आजाराबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही, कारण इथं लपवण्यासारखं शरीरात काहीच घडत नसतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी काही ठिकाणी मरतात, शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा त्यांच्यावर उलटते, आणि तिथं पांढरा डाग दिसतो. दुखत नाही, आयुष्य कमी होत नाही, ताकद कमी होत नाही, कोणाला लागत नाही. एवढ्यासाठी मुलीचं लग्न मोडतं, हळद लावायच्या वेळी तिला मागं सरकवलं जातं, पोळ्या लाटायला बसली तर ‘राहू दे गं, तू दमली असशील’ असं गोड बोलून उठवलं जातं. यात जुन्या नावानं मोठा घात केला आहे. ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून आपण एका निरुपद्रवी डागाला कुष्ठाच्या घरात नेऊन बसवलं. आणि मग ‘कोड फुटलं’ ही शिवीच झाली. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन सुरू केली, कोड असलेल्या माणसांना एकत्र आणलं, त्यांचे वधूवर मेळावे घेतले. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 2006 मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट केला. त्यातली मुलगी स्वतः डॉक्टर आहे, शिकलेल्या घरात सोयरीक होते आहे, आणि तरी घरातल्या माणसांची तारांबळ उडते. हा चित्रपट एकदा हसनाबादच्या शाळेत पडद्यावर लावून सगळ्या गावानं बघावा. शिकलेले लोक पुढारलेले आणि आपण मागासलेले, हा समज त्यानं निघेल. या बाबतीत शहर आणि खेडं सख्खे भाऊ आहेत.

फीट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवतात, हे अजून चालतं. बाजारात, एसटी स्टँडवर माणूस कोसळला की पहिली धावाधाव चपलेसाठी होते. मेंदूतली विजेची गडबड एक-दोन मिनिटांत बहुतेक वेळा आपोआप शांत होते, तोवर चप्पल नाकाला लागलेली असते, म्हणून श्रेय चपलेला जातं. त्या माणसाला शुद्ध येते ती चपलेच्या वासात आणि पाच-पन्नास डोळ्यांच्या घेऱ्यात. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांच्या वर झटका चालला तर दवाखान्यात न्यायचं, एवढंच करायचं असतं. याचा तपशील पुढं दिला आहेच. इथं एवढंच सांगतो की रोजच्या गोळ्यांनी दहांतल्या सुमारे सात जणांची फीट थांबू शकते, आणि तरी गोळी सुरू आहे हे सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या महिन्यात ती बंद करणाऱ्या मुली आहेत. मांडवात झटका येतो तो त्यामुळं.

एचआयव्हीचं दुःख मराठवाड्यानं फार जवळून पाहिलं आहे. ट्रकवर गेलेले, शहरात कामाला गेलेले पुरुष हा विषाणू घेऊन आले; बायका त्यांच्यामागं विधवा झाल्या आणि वर ‘नवऱ्याला खाल्लं’ हे ऐकून घेत जगल्या. त्यांच्या लेकरांचं काय झालं, हे बघायचं तर लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावचं सेवालय बघावं. रवी बापटले यांनी ते उभं केलं. तिथल्या मुलांना 2009 मध्ये शाळेतून बाहेर काढण्याची वेळ आली, कारण ही मुलं वर्गात असतील तर आमची पाठवणार नाही, असं बाकीच्या पालकांनी म्हटलं. बीडजवळ पाली इथं दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया आहे, पंढरपुरात मंगलताई शहा यांची पालवी आहे. मोफत औषधं 2004 पासून मिळू लागली. ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि मग लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. ही गोळ्या खाणारी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली. भेदभाव करणं आणि कोणाची तपासणी त्याच्या संमतीशिवाय उघड करणं याला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे. तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आपल्या गावात मात्र एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राच्या दारात कोण उभं होतं, ही बातमी एसटीच्या आधी गावात पोचते. म्हणून जालन्याचा माणूस संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातो आणि संभाजीनगरचा आणखी कुठं. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी परवडली तोवर औषध चालू, नाही परवडली की बंद.

मनाच्या आजाराकडे येतो. आपल्या तालुक्याच्या पलीकडे, बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते, आणि इकडच्या गावांतून ‘बाहेरचं’ झालेली माणसं घेऊन घरचे वर्षभर तिथं जात असतात. त्यांना हसणं मला कधी जमलं नाही. दवाखान्यात पाच मिनिटांत कागद हातात पडतो. तिथं झाडाखाली महिनाभर राहता येतं, शेजारी तसंच दुसरं कुटुंब असतं, चूल मांडता येते, आणि ‘याला घेऊन जा’ असं कोणी म्हणत नाही. गावानं जे द्यायला हवं होतं ते तिथं मिळतं. पण औषधाविना स्किझोफ्रेनिया बळावत जातो, आणि कुठंही साखळीनं बांधलेला माणूस बरा होत नाही. तमिळनाडूत एरवाडी इथं 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेल्या 28 मनोरुग्णांना पळता आलं नाही. ते तिथंच जळून गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी बांधायला मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, कोंडणं हे महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा झाला. माझी विनंती साधी आहे. दर्ग्याला जायचं तर जा, देवळात जायचं तर जा, पण घाटीच्या मनोविकार विभागाचा कागद खिशात असू द्या आणि गोळी चुकवू नका.

इतकं वाचून कोणाला वाटेल की वाळीत टाकलं जाणं म्हणजे काय, हे निरोगी माणसाला कसं कळणार? आपल्याला ते कळलं आहे. 2020 चा, कोरोनाचा उन्हाळा आठवा. गावोगावच्या वाटांवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या. मुंबई-पुण्याहून चालत आलेली आपलीच पोरं शिवेवर अडवली गेली, शाळेच्या खोलीत, शेतातल्या कोठ्यावर ठेवली गेली. ज्याच्या दारावर आरोग्य खात्याची पट्टी लागली त्याच्याकडून कोणी दूध घेईना. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून माणसं खोकली. ताप लपवला, आणि लपवला म्हणून दवाखान्यात उशिरा पोचली. ते वर्ष दीड वर्ष प्रत्येक घर कधी ना कधी काट्यांच्या त्या बाजूला उभं होतं. काट्या निघाल्या, आपण विसरलो. पण ज्या बाईचा हात भाजलेला कळत नाही तिच्या दारासमोर त्या अजून तशाच आहेत, एवढं त्या उन्हाळ्याच्या आठवणीवरून ताडता येईल.

पुढच्या पानांतल्या शब्दांबद्दल थोडं. ‘महारोगी’ हा शब्द आम्ही टाळला आहे, जुन्या संस्थांच्या नावात असेल तिथंच तो येईल. ‘वेडा’, ‘फेफरेकरी’, ‘कोडी’ हेही टाळले आहेत. हा शब्दांचा लाड नाही. ज्या शब्दानं माणूस हाक मारून घेऊ शकत नाही तो शब्द त्याच्या आजाराचं नाव कसा होईल? आजाराच्या नावापुढं माणूस येईल अशी वाक्यं ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, आणि ही पानं मोठ्यानं वाचली जातील, बचत गटाच्या बैठकीत, पारावर, दहावीच्या वर्गात, हे धरून ती लिहिली आहेत. वाचताना ऐकणाऱ्यांमध्ये कोणीतरी गप्प होऊन खाली बघेल. त्याला किंवा तिला तिथं काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना, रानात जाताना विचारा.

कुष्ठरोगाच्या तपासणीला फार काही लागत नाही. आशाताई किंवा आरोग्य सेविका दाराशी बसते, पेनाचं टोक चट्ट्यावर हलकेच टेकवते आणि म्हणते, ‘डोळे मिटा, माय, आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवा.’ तेवढ्यानं बहुतेक उलगडा होतो. मग 28 दिवसांच्या गोळ्यांचं पान हातात येतं. महिन्याची पहिली मात्रा तिच्यासमोर घ्यायची, बाकीच्या रोज घरी. पहिल्या मात्रेनंतर लघवी लालसर होते, घाबरायचं नसतं. त्यातल्या एका औषधानं कातडी काही महिने काळवंडते, आणि बाया गोळ्या सोडतात त्या बऱ्याचदा यामुळं, कारण काळवंडलेला चेहरा बोलून दाखवतो. औषध संपल्यावर रंग हळूहळू परत येतो, हे त्यांना आधीच सांगायला हवं. आणि घरातल्यांनाही, कारण ‘काय गं, काळी पडलीस?’ हा प्रश्न घरातूनच येतो.

बीपीच्या गोळ्या आपल्याकडे देवळीत असतात, गणपतीच्या तसबिरीशेजारी. साखरेच्या गोळ्या चहाच्या डब्याजवळ. पाहुणे आले तरी त्या कोणी हलवत नाही; उलट पाहुणाच आपलीही पुडी काढून दाखवतो आणि डॉक्टर कोणता म्हणून चौकशी होते. कुष्ठरोगाच्या गोळ्यांचं पान ज्वारीच्या कणगीत, हात घालून तळाशी दाबलेलं असतं. रात्री घर झोपल्यावर ते काढायचं, अंधारात चाचपून त्या दिवसाची गोळी सोडवायची, पाणी न पिता गिळायची, कारण माठावरचं झाकण वाजतं.